माशाच्या माशीचं मेण

मला येतात अशा गोष्टी फार नाहीत. पुरणपोळी माझी हमखास फुटते, ओवी म्हणायला लागले तर जात्यावरच्या बाया तोंडाला पदर लावतात, आणि गोड बोलणं तर जन्मात जमलं नाही. पण मेणाचा एक खडा माझ्या हातात द्या. बोटात दाबून सांगते, हे उन्हाळ्यात पाघळेल का, थंडीत तडकेल का, कशाला धरेल आणि कशाला सोडेल. त्या बाबतीत मी कुणाला हार जायची नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या, मी ती कमावली आहे.

मानवतच्या बाजारपेठेत माझ्या सासरचं पटवेकऱ्याचं दुकान होतं. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. पटवेकरी म्हणजे दागिने गाठवणारा. सोनार डोरलं घडवतो, मणी घडवतो, पण ते रेशमात ओवून, गाठी मारून, मागं गोंडा बांधून गळ्यात घालायजोगं करायचं ते आमचं काम. रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, ताणून धरायचा, त्यावरून मेण ओढायचं आणि मग बोटं चालवायची. दुकानाच्या गादीवर सासरे बसत, त्यांना मी मामंजी म्हणायची. नवरा आठवडाभर बाजार करत हिंडायचा, सेलू, पाथरी, पार ताडकळसपर्यंत. आणि घरात सासूबाई. त्यांना आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं आत्याबाई म्हणायचं. दुकान पुढं, घर मागं, मधे दार आणि दाराला पडदा. त्या पडद्यामागं मी.

माझं माहेरही पटवेकऱ्याचंच. गाठी मला चालायला लागल्यापासून येत होत्या म्हणा ना. फक्त एक गोष्ट माझ्या बापानं सोयरिकीच्या वेळी सांगितली नव्हती. मी डावरी. लग्नानंतर पाचव्या दिवशी मी मोठ्या कौतुकानं दोरा हातात घेतला, आणि आत्याबाई अशा ओरडल्या की जणू मला शेपूटच फुटलंय.

"अगं बया! ही तर डाव्या हाताची हाय!"

त्या दिवसापासून घरात कायदा झाला. डोरलं, मणी, नथ, नव्या नवरीचं काहीही असो, माझा हात लागायचा नाही. डाव्या हातानं गाठवलेलं सौभाग्याचं लेणं टिकत नाही म्हणे. मला काय मिळायचं? बैलांचे गोंडे, चाबकाच्या मुठी, तराजूच्या दोऱ्या. आणि मुसलमान गिऱ्हाइकांच्या तसबीह, म्हणजे नामस्मरणाच्या माळा. "ते आपल्यात न्हाई ना, मग चालतंय," असं आत्याबाईंचं म्हणणं. देवाचं नाव मोजायची माळ डाव्या हातानं चालते आणि नवऱ्याच्या नावाची चालत नाही, हा कुठला न्याय? मी एकदा विचारलं तर त्या दिवशी मला भाकरीबरोबर नुसती चटणी मिळाली.

तीन वर्षं मी गोंडे बांधले. रागारागानं बांधले, पण चोख बांधले. बाजाराच्या दिवशी पडद्याच्या फटीतून बघायची. गादीवर मामंजी, समोर बाया, त्यांच्या ओच्यात काळे मणी आणि सोन्याच्या वाट्या. एकदा, एकदाच का होईना, त्या गादीवर बसावं आणि चारचौघांसमोर डोरलं गाठवावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी देवाकडं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "मला काय, मी तर हो म्हणतो. पण आईला कोण सांगणार?" आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला निघून जायचा.

अशात एका उन्हाळ्यात दुकानापुढं एक साहेब आला. हैदराबादचा इंजिनेर. सरकारी रस्त्यांचे पूल तपासायला आलेला आणि गंगेकाठी डेरा टाकून राहिलेला. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. उंच, शिडशिडीत, खाकी कपडे, तोंडात पान. मागं चपराशी. साहेबाच्या हातात एक तसबीह होती.

"पटवेकरी, ये तुम्हारे यहाँ की है?"

मामंजी लगबगीनं उठले. "काय चुकलं का, हुजूर?"

चुकलं नव्हतं. ती त्याच्या आईची माळ होती. परभणीच्या उरुसात मानवतच्या पटवेकऱ्याकडून घेतलेली, दोन वर्षं रोज हातात फिरलेली, तरी गोंड्याचा एक धागा उसवला नव्हता. आणि म्हणाला, ह्यातली गाठ उलटी फिरते, अशी गाठ मी कुठं पाहिली नाही, कुणाचा हात हा? पडद्यामागं माझे कान तापले. ती माळ माझी होती. मामंजी म्हणाले, "अपनेच दुकान का काम है, हुजूर." एवढंच. मी ओठ चावला.

मग साहेबानं एक पत्र्याची डबी उघडली. त्यात बारीक गळ, पिसं, कसलेकसले केस. "मक्खी बांधना है," तो म्हणाला.

मामंजींचा चेहरा उजळला. "समजलो, हुजूर. घोड्याला माश्या लय त्रास देत असतील. अशी चवरी बांधून देतो की एक माशी बसायची न्हाई."

साहेब इतका हसला की पान सांभाळता येईना. मी आत हसले, चपराशी बाहेर हसला. मग साहेबानं डबीतून चिमटीत धरून एक वस्तू काढली आणि मामंजींच्या तळहातावर ठेवली. गहू असावा एवढा गळ, त्याच्या दांडीवर केसाळ अंग, मानेशी पिसाची झालर. लांबून बघाल तर खरीच माशी बसलीय. हिला दोरीला लावून पाण्यावर फेकायची. खवल्या मासा तिला जिवंत समजून झेप घेतो आणि फसतो. विलायतेत शिकायला गेला होता तेव्हा हा नाद लागलेला. "माशाला माशी!" मामंजी म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

खरी अडचण वेगळी होती. माशीचं ते केसाळ अंग करायला रेशमाच्या दोऱ्याला मेण लावायचं, त्यावर सशाची नाहीतर खारीची मऊ लव पातळ पसरायची, आणि दोरा बोटात वळायचा, म्हणजे दोराच केसाळ होतो. मग तो गळावर गुंडाळायचा. त्यासाठी विलायतेहून आणलेलं मेण आमच्या वैशाखानं पेटीतच पाणी करून टाकलं होतं. पेटीतले कपडेसुद्धा तेलकट झालेले. आता साहेबाला मेण हवं होतं, आणि ते त्याला गाठी मारणाऱ्याकडून हवं होतं. "ऐसा मोम होना, पटवेकरी, जो बाल को पकडे, उंगली को नक्को पकडे." एक माशी बांधून दाखवा म्हणाला, आणि नमुन्याला चार कोरे गळ, थोडी पिसं आणि सशाच्या कातड्याचा तुकडा ठेवून गेला.

मामंजींनी ते काम अभिमानावर घेतलं. पटवेकऱ्याला गाठ मागितली आणि तो नाही म्हणाला, असं आमच्या कुळात झालेलं नाही. दुकानात मेणाची वडी होतीच, मोहळाचं शुद्ध पिवळं मेण. तेच दोऱ्यावर ओढलं, लव लावली, दोरा वळला, गळावर गुंडाळला. काम असं देखणं झालं की त्यांनी ते आत्याबाईंना आत आणून दाखवलं. चपराशी आला तेव्हा त्याच्या हाती पाठवून दिलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी चपराशी तीच माशी परत घेऊन आला. साहेबाचा निरोप होता: मणी फार सुंदर आहे, मक्खी कधी होईल?

मामंजींचा चेहरा बघवत नव्हता. पण मला कळलं काय झालं होतं ते, आणि मी फस्सकन हसले. पिढ्यान्पिढ्या आम्ही दोऱ्याला मेण लावतो ते कशासाठी? रेशमाची लव बसावी, दोरा गुळगुळीत व्हावा, मणी सरकावा म्हणून. मामंजींच्या बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. त्यांनी सशाची सगळी लव मेणाखाली दाबून दाबून बसवली होती. आणि ह्या साहेबाला तर लव उभी हवी होती! पाण्यात ती हलली पाहिजे, श्वास घेतल्यासारखी. हे पटवेकऱ्याला करायला सांगणं म्हणजे परटाला कपडे मळवायला सांगणं.

"हसायला काय झालं गं?" मामंजी पडद्याकडं बघून ओरडले. "लय शहाणी झालीस? मग तूच कर की!"

"करते," मी म्हणाले.

मी त्यांच्याशी असं सरळ कधी बोलले नव्हते. पण जीभ सुटली ती सुटली. "करते, मामंजी. पण साहेबाला पसंत पडली तर मला गादीवर बसवायचं. बाजारच्या दिवशी. डोरलं गाठवायला द्यायचं."

चुलीवर दूध उतू गेलेलं कुणाला कळलं नाही. मामंजी रागात होते, आणि रागात माणूस मोठं बोलून जातो. "दिलं," ते म्हणाले. "दिलं, जा! आणि न्हाई जमलं तर जन्मभर बैलांचे गोंडे. पुन्हा तोंड उघडायचं न्हाई."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

तर असा डाव लागला. माझ्याकडं तीन कोरे गळ उरले होते, आणि दिवस होते पंधरा. दुपारी चूल थंड झाली की मी मागच्या पडवीत बसायची. सोनाराकडून एक चिमटा मागून आणला, त्यात गळ धरायचा. दोरा अंगठ्यात.

पहिल्यांदा मोमबत्तीचं मेण घेतलं. साहेब मोम म्हणाला होता ना! ते दोऱ्यावरून नुसतं घसरलं, पापुद्रे निघाले आणि लव भुशासारखी उडाली. मग पेठेतल्या मोच्याकडं माणूस पाठवला. चामडं शिवायच्या दोऱ्याला तो राळ घातलेलं मेण लावतो. त्याचं मेण लव धरायचं, खोटं कशाला बोलू, घट्ट धरायचं. पण काळंकुट्ट. सशाची भुरी लव क्षणात चुलीच्या पोतेऱ्यासारखी झाली. शिवाय ते लवेबरोबर माझं बोटही धरायचं. बोट सोडवायला जावं तर रेशीम तटकन तुटायचं. मग आमची पिवळी वडी पुन्हा घेतली, हात हलका ठेवून. वाऱ्याला सगळी लव निघून गेली. सात दिवस असेच गेले. रात्री अंथरुणावर पडलं की बैलांचे गोंडे डोळ्यापुढं नाचायचे.

आठव्या दिवशी सकाळी न्हाऊन मी फणेरपेटी उघडली. आमच्या बाया कुंकू कसं लावत, ते आताच्या पोरींना माहीत नसेल. आधी बोटावर थोडं मेण घ्यायचं, कपाळावर गोल फिरवायचं, मग त्यावर कुंकवाची चिमूट दाबायची आणि वरचं झटकायचं. मेणाला चिकटलेलं कुंकू दिवसभर हलत नाही. मी रोज करायची तसंच केलं, आणि बोट तसंच कपाळावर राहिलं. मेणानं कुंकू धरलं होतं आणि माझं बोट सोडलं होतं.

आगं माझे आई! हेच तर मागत होता तो माणूस!

न्याहारी करायची विसरले. कुंकवाचं मेण म्हणजे मोहळाचंच मेण, पण खोबरेल घालून मऊ केलेलं. दोऱ्याला लावलं, लव ठेवली, वळलं. लव बसली आणि उभी राहिली! पण आनंद दुपारपर्यंतच टिकला. दोरा पडवीत टांगून ठेवला होता, वैशाखाची झळ लागली आणि मेण पाघळलं. वैशाखात बाजारातून येणाऱ्या बायांच्या नाकावर कुंकवाचे ओघळ येतात, मी विसरलेच होते. तेव्हा मऊ तर हवं, पण उन्हाला उभं राहील असं मऊ हवं. मोच्याच्या मेणात राळ होती म्हणून ते उन्हात टिकत होतं. मग कुंकवाच्या मेणात राळ घातली तर? काळी नाही, धूप विकणाऱ्याकडची पिवळी, काचेसारखी स्वच्छ.

राळ आधी वितळवायची, मंद आचेवर. मग तिच्यात मेण, आणि तेल सगळ्यात शेवटी. थेंब पाण्यात टाकून बघायचा, गुळाच्या पाकाची गोळी बघतो तसा. सुपारीएवढ्या मेणाला हरभऱ्याएवढी राळ आणि खोबरेलाचे चार थेंब, एवढ्यावर मी आले, पण त्याआधी तीन वाट्या खराब केल्या. राळ जास्त झाली की तडकायचं, तेल जास्त झालं की ओघळायचं. नीट जमलेलं मेण गार पाण्यात ओतून ओढलं तर दोन बोटांत ताणतं आणि तुटताना आवाज करत नाही. ही खूण मला कुणी शिकवली नाही, माझी मला सापडली.

आणि मग माझा डावा हात! त्याचं सांगायलाच पाहिजे. बाजारातलं रेशीम उजव्या हाताच्या पिळाचं असतं. उजव्या हातानं वळलं की पीळ आणखी आवळतो, लव वरच्या वर राहते. मी डाव्यानं वळलं तर पीळ थोडा उकलायचा, दोऱ्याचे पदर विलग व्हायचे, लव आत शिरायची. हात सोडला की पीळ आपोआप परत फिरायचा आणि लवेला आत धरून ठेवायचा. वरून मेण, आतून पीळ. उजव्या हाताच्या माणसानं दहा जन्म घेतले असते तरी हे त्याला कळलं नसतं. मी पडवीत एकटीच हसत बसले.

तेवढ्यात आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी फणेरपेटीतली मेणाची डबी रिकामी बघितली होती.

"काय करायलीस गं? सवाष्णीचं कुंकवाचं मेण, आन् माशाच्या नरड्यात घालायलीस? आन् ते बी डाव्या हातानं? देव बघतोय का न्हाई?"

"देवानंच दिलाय हा हात, आत्याबाई. बाजारातून न्हाई आणला मी." मी माशी उचलून त्यांच्यापुढं धरली. पाण्याच्या तांब्यात सोडली. लव पाण्यात उघडली, हलायला लागली. आत्याबाई वाकून बघत राहिल्या. तोंडावरची आठी काही गेली नाही, पण त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"नवं मेण करून ठेव डबीत," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

पंधराव्या दिवशी चपराशी येऊन माशी आणि मेणाची गोळी घेऊन गेला. पुढं आठ दिवस काहीच निरोप नाही. मामंजी माझ्याकडं बघायचे नाहीत, मी त्यांच्याकडं बघायची नाही. नवव्या दिवशी बाजार होता. दुकानापुढं बायांची दाटी. देवगावकडची एक खातीपिती शेतकरीण बसली होती, पोराचं लग्न ठरलेलं, होणाऱ्या सुनेचं डोरलं गाठवायला आणलेलं. मामंजी मणी निवडत होते आणि साहेब घोड्यावरून उतरला.

त्यानं टोपीत टोचलेली माशी काढून गादीवर ठेवली. पिसं चावून चावून गेलेली, गळ वाकलेला. पण अंगावरची लव होती तशी! "सात मच्छी, पटवेकरी," तो सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा म्हणाला. "सात. और एक बाल नहीं गिरा. विलायतवाले भी ऐसा मोम नहीं बनाते. अब तो बोलो, किसका हाथ है?"

मी पडदा घट्ट धरला. मामंजींनी "अपनेच दुकान का" म्हटलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. बाजार भरलेला, गिऱ्हाईक समोर, कुळाचं नाव. मामंजींनी ती चावलेली माशी उचलून तळहातावर घेतली.

"हमारी बहू का," ते म्हणाले. "बाएँ हाथ का काम है, हुजूर. वो तसबीह भी उसीच की थी."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सांगायला लाज कसली? तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं काम माझं म्हटलं होतं. साहेबानं पडद्याच्या दिशेनं कपाळाला हात लावून सलाम केला, घोड्यावर बसला आणि गेला. मामंजी गादीवर थोडे सरकले. "बाहेर ये," ते म्हणाले. "शब्द दिलाय मी."

मी डोक्यावर पदर घेऊन गादीवर जाऊन बसले. मामंजींनी देवगावच्या बाईचे मणी माझ्याकडं सरकवले. तेवढ्यात त्या बाईनं ते पटकन ओच्यात ओढून घेतले.

"न्हाई बा, दादा! नव्या सुनेचं लेणं हाय, डाव्या हाताचं नको आमाला. तुमीच गाठवा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, आमी सेलूला जातो."

बाकीच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं मान डोलावली. मामंजींचा हात पुढं झाला आणि अर्ध्यातच राहिला. शब्द त्यांनी दिला होता, पण गिऱ्हाइकाच्या मनावर त्यांचा काय इलाज? मला वाटलं, संपलं. गादीवर बसले खरी, पण समोर ओवायला मणीच नाहीत. उठावं का, असा विचार मनात आला.

आणि मागचा पडदा सरकला. बाजाराच्या दिवशी दुकानात पाऊल न टाकणाऱ्या आत्याबाई सरळ बाहेर आल्या आणि त्या बाईच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"काय म्हणालात?"

"मी म्हणलं, डाव्या हाताचं—"

"ऐकलं मी. माझ्या सुनेच्या हाताला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तीन वर्षं ठेवलीत, अजून ठेवीन, मला हक हाय. तुमी कोण?"

आत्याबाईंच्या हातात हळकुंड बांधलेला पिवळा दोरा होता. तो त्यांनी आधी स्वतःच्या गळ्यात घातला, कारण सवाष्णीचा गळा क्षणभरही रिकामा राहत नाही. मग मान वाकवून त्यांनी आपलं डोरलं काढलं. लग्नात मामंजींच्या वडिलांनी गाठवलेलं, दर दोनतीन वर्षांनी मामंजींनीच नव्या दोऱ्यात ओवलेलं. ते सगळ्या बाजारासमोर त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

"दोरा झिजलाय. गाठव," त्या म्हणाल्या. "आन् उजवा हात मधी घालू नकोस. त्यानं तुझं वाकडं येतंय."

मी नवा दोरा अंगठ्यात अडकवला, ताणला, मेण ओढलं आणि डाव्या हातानं पहिला मणी घेतला. घाई केली नाही. एकेक गाठ बसवली, सगळ्यांना दिसेल अशी. आत्याबाई हाताची घडी घालून उभ्याच होत्या. मामंजी मान खाली घालून बसले होते, पण त्यांच्या मिशा हसत होत्या, मला दिसलं. वाटी मधोमध आली, गोंडा बांधायला घेतला, तेव्हा देवगावची बाई पुढं सरकली. तिनं ओच्यातले मणी काढून हळूच गादीच्या कडेला ठेवले.

"आमचं बी मग..." ती म्हणाली.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "माझं होऊ द्या आधी."